संगणकशास्त्रातील शोधनिबंध आणि त्यांचा मेटाडेटा : बडोद्यातील नव्या संशोधकांसाठी मार्गदर्शन

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी मला माझ्या प्रकाशित शोधनिबंधांची यादी विभागात सादर करायची होती. ती तयार करताना लक्षात आले की माझे पाच निबंध इंटरनेटवरील सूच्यांमध्ये तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर विखुरलेले आहेत. दोन निबंध माहेरच्या आडनावाने आणि आद्याक्षरांनी नोंदलेले होते आणि दोन लग्नानंतरच्या आडनावाने. पाचव्यात शाळेच्या दाखल्याप्रमाणे आडनाव आधी आले होते, त्यामुळे यंत्राने माझ्या वडिलांचे नाव हेच आडनाव मानले होते. संशोधन माझेच होते, पण ते माझे आहे हे सांगणारी नोंद कुठेही सलग नव्हती. पुढचे सात-आठ महिने मी प्रकाशकांना पत्रे लिहिण्यात घालवले. पहिला निबंध पाठवण्यापूर्वी एका दुपारी जे ठरवता आले असते, ते निस्तरायला एवढा काळ गेला. आता जे विद्यार्थी या वाटेवर पहिले पाऊल टाकत आहेत त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे सारे क्रमाने लिहीत आहे.

मेटाडेटा म्हणजे निबंधाविषयीची माहिती : शीर्षक, लेखक, संस्था, दिनांक, प्रकाशक, ओळखक्रमांक, परवाना इत्यादी. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ज्यांनी जुनी सूचीपत्रे हाताळली असतील त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्यात आणले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे होते. त्या काळात राज्यातील ग्रंथालयांची शिस्त बसली, ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. अशी व्यवस्था चालायची तर प्रत्येक पुस्तकाची नोंद एकाच पद्धतीने झालेली असावी लागते, नाहीतर एका ठिकाणची यादी दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नाही. आजही नेमके तेच घडते. फरक इतकाच की सूचीपत्र माणूस वाचत असे आणि मेटाडेटा बहुतेक वेळा यंत्र वाचते. यंत्राला अंदाज बांधता येत नाही, आणि बांधलाच तर तो पुष्कळदा चुकतो.

१. आधी हाताशी काय असावे

कामाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फोल्डरमध्ये गोळा करा.

– पासपोर्ट, आधार आणि दहावीचे प्रमाणपत्र. नावाची रोमन लिपीतील रूपे एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी ती तिन्ही लागतात.
– पीएच.डी.च्या नोंदणीचे पत्र, त्यावरील नोंदणीचा दिनांक आणि मार्गदर्शकांचे नाव.
– दोन ई-मेल पत्ते : एक विद्यापीठाचा आणि एक स्वतःचा कायमचा.
– संस्थेचे अधिकृत इंग्रजी नाव, जसे ते तिच्या अधिकृत कागदावर छापलेले असते तसे.
– संदर्भ सांभाळणारे एखादे सॉफ्टवेअर. झोटेरो विनामूल्य आहे आणि नवख्याला पुरेसे आहे.
– आतापर्यंतच्या प्रत्येक निबंधाची अंतिम पीडीएफ आणि स्वीकृतीचे पत्र.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. मात्र दुरुस्ती मागताना प्रकाशक पुरावा मागतो आणि चार वर्षांपूर्वीचे स्वीकृतीपत्र बंद पडलेल्या ई-मेलमध्ये अडकलेले असते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

२. नावाचे एकच रूप ठरवा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. आपल्याकडे नाव तीन भागांचे असते : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. महाराष्ट्रात बहुधा याच क्रमाने लिहितात. गुजरातमधील शाळांच्या दाखल्यांवर मात्र पुष्कळदा आडनाव आधी येते. बडोद्यातील मराठी घरांत त्यामुळे एकाच व्यक्तीच्या कागदांवर दोन्ही क्रम सापडतात. परिषदेचा ऑनलाइन अर्ज ‘पहिले नाव’ आणि ‘शेवटचे नाव’ असे दोनच रकाने देतो. दाखला समोर ठेवून भरणारा विद्यार्थी ‘शेवटचे नाव’ या रकान्यात वडिलांचे नाव टाकतो आणि पुढे सर्व सूच्यांमध्ये त्याच नावाने वर्गीकरण होते. त्या रकान्याचा अर्थ क्रमाने शेवटी येणारे नाव असा घेऊ नका. तेथे कुलनाम अपेक्षित आहे.

दुसरी अडचण रोमन लिपीतील वर्णलेखनाची आहे. गायकवाड हे आपल्या राजघराण्याचेच आडनाव जुन्या इंग्रजी कागदांत निदान तीन प्रकारांनी लिहिलेले सापडते. दीक्षित, वैद्य, घाटगे, शितोळे यांचीही तीच गत आहे. दीर्घ स्वर एका अक्षराने लिहायचा की दोन, शेवटचा ‘ए’ ठेवायचा की नाही, हे एकदाच ठरवून घ्या आणि पासपोर्टवरील रूपाशी शक्यतो सुसंगत ठेवा, कारण परदेशातील परिषदेला जाताना निमंत्रणपत्रावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव जुळावे लागते.

तिसरी अडचण आद्याक्षरांची. कुलकर्णी, जोशी, पाटील, शहा अशा आडनावांपुढे केवळ एक आद्याक्षर लिहिले तर त्या नावाचे कितीतरी संशोधक निघतात. संगणकशास्त्राची सर्वांत विश्वासार्ह ग्रंथसूची म्हणजे डीबीएलपी. ती १९९३ साली जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात मिखाएल लाय यांनी सुरू केली आणि आता श्लोस डागश्टूल ही संस्था तिचा सांभाळ करते. सारखी नावे आढळली की ही सूची नावापुढे चार अंकी क्रमांक लावून व्यक्ती वेगळ्या करते. तरीही कोणता निबंध कोणत्या क्रमांकाचा हे ठरवायला तिला आधार हवा असतो, आणि पूर्ण नाव हा त्यातील पहिला आधार आहे. म्हणून स्वतःचे नाव संपूर्ण लिहा. मधले नाव ठेवायचे असेल तर प्रत्येक निबंधात ठेवा, नाहीतर एकाही निबंधात ठेवू नका.

लग्नानंतर नाव बदलणार असाल किंवा बदलले असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की पहिला निबंध ज्या नावाने आला तेच नाव संशोधनात पुढे चालवावे. बँकेतील, रेशनकार्डावरील किंवा घरच्या पत्रिकेवरील नाव वेगळे असू शकते, त्याने काहीही बिघडत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागते. मलाही सांगावे लागले आणि त्यांनी ते समजूनही घेतले.

३. ऑर्किड क्रमांक घ्या आणि तो रिकामा ठेवू नका

ऑर्किड ही संशोधकाला कायमचा ओळखक्रमांक देणारी सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. नोंदणी विनामूल्य आहे आणि पाच-दहा मिनिटांत होते. क्रमांक सोळा चिन्हांचा असतो व तो चार-चारच्या चार गटांत लिहिला जातो. शेवटचे चिन्ह तपासणीसाठी असते, त्यामुळे तेथे कधीकधी अंकाऐवजी रोमन ‘एक्स’ येतो. ती चूक समजून काढून टाकू नका.

नोंदणी करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, दोन्ही ई-मेल पत्ते जोडा. विद्यापीठ सोडले की तेथील पत्ता बंद होतो, आणि तोच एकमेव पत्ता असेल तर खात्यात शिरता येत नाही. मग पुष्कळजण नवे खाते काढतात आणि एका माणसाचे दोन क्रमांक होतात. दुसरी, ‘इतर नावे’ या रकान्यात नावाची सगळी जुनी रूपे आणि देवनागरीतील रूपही लिहा. तिसरी, माहिती कोणाला दिसावी याचे तीन पर्याय असतात : सर्वांना, विश्वासू संस्थांना, किंवा केवळ स्वतःला. भीतीपोटी सर्व काही ‘केवळ स्वतःला’ ठेवले तर क्रमांक असूनही त्याचा उपयोग होत नाही. निबंधांची यादी आणि संस्थेचे नाव सर्वांना दिसू द्यावे.

त्यानंतर क्रॉसरेफ आणि डेटासाइट या दोन संस्थांना तुमच्या खात्यात नोंदी भरण्याची परवानगी द्या. डीओआय, म्हणजे प्रकाशनाचा कायमचा ओळखक्रमांक, याच संस्थांमार्फत नोंदला जातो (सातवी पायरी पाहा). निबंध पाठवतानाच तुम्ही ऑर्किड क्रमांक दिला असेल आणि प्रकाशकाने तो पुढे कळवला असेल, तर प्रकाशनानंतर नोंद आपोआप खात्यात येते.

४. संस्थेचे नाव जसे आहे तसेच लिहा

शहराचे नाव १९७४ साली अधिकृतपणे वडोदरा झाले. १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या अधिकृत नावात मात्र ‘बडोदा’ हाच शब्द आहे : महाराजा सयाजीराव विद्यापीठ ऑफ बडोदा. नव्या संशोधकाला वाटते की शहराचे नाव बदलले म्हणजे विद्यापीठाच्या नावातही बदल करावा. तसे करू नका. संस्थेच्या नावात बडोदा, पत्त्यात वडोदरा, हेच बरोबर आहे.

याहून मोठा सापळा ‘एमएसयू’ या संक्षेपाचा आहे. आपल्या शहरात रिक्षावाल्यालाही ते कळते, पण जगाच्या सूच्यांमध्ये हा संक्षेप मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीसाठीही तितकाच रूढ आहे. केवळ संक्षेप लिहिलेला निबंध दुसऱ्या खंडातील विद्यापीठाच्या खात्यावर जमा होऊ शकतो. संस्थांच्या नावांचा हा गोंधळ मिटवण्यासाठी ‘आरओआर’ ही संस्थांची खुली नोंदवही जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात आपल्या संस्थेचा कायमचा ओळखदुवा शोधून तो आपल्या फोल्डरमध्ये टिपून ठेवा. अर्जात संस्थेचे नाव टाइप करताना सूचनांची यादी उघडत असेल तर त्या यादीतूनच निवडा, हाताने लिहू नका. विभागाचे नाव, विद्याशाखेचे नाव आणि विद्यापीठाचे नाव हे तिन्ही एका ओळीत कोंबण्यापेक्षा वेगळे रकाने असतील तेथे वेगळे भरावेत.

५. डब्लिन कोअरचे पंधरा घटक एकदा समजून घ्या

येथवर तुमच्या ओळखीविषयी झाले. आता ज्या सामाईक मानकावर बहुतेक ग्रंथालये आणि भांडारे (निबंध-प्रबंध साठवणारे ऑनलाइन संग्रह) उभी आहेत त्याकडे वळू. डब्लिन कोअर हे नाव ऐकून पुष्कळांना आयर्लंड आठवते, पण येथील डब्लिन हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील गाव आहे. तेथे १९९५ साली ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांची बैठक झाली आणि तिच्यातून हे मानक आकाराला आले. त्यात पंधरा घटक आहेत : शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखचिन्ह, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. एकही घटक सक्तीचा नाही आणि प्रत्येक घटक हवा तितक्या वेळा वापरता येतो.

वेगवेगळी भांडारे आपली माहिती एकमेकांना देतात ती बहुधा ओएआय-पीएमएच या संकेतानुसार. त्याची सध्याची दुसरी आवृत्ती २००२ सालची आहे. तिचा नियम असा की प्रत्येक भांडाराने निदान साध्या डब्लिन कोअरमध्ये तरी नोंद द्यावीच. याचा परिणाम नीट समजून घ्या. तुमच्या विद्यापीठाच्या अर्जात चाळीस रकाने असले, तरी दुसऱ्या टोकाला पोहोचताना ते या पंधरा खणांत ओतले जातात. नोंदणीचा दिनांक, सादरीकरणाचा दिनांक आणि पदवीचा दिनांक हे तिन्ही ‘दिनांक’ या एकाच खणात पडतात, आणि त्यांतला कोणता कशाचा हे सांगणारे लेबल वाटेतच गळून पडते. संशोधक आणि मार्गदर्शक यांच्यातील भेदही असाच पुसला जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक रकान्यात असा मजकूर लिहा की लेबल नसले तरी तो स्वतःच्या बळावर समजेल.

दिनांकाच्या बाबतीत एक ठाम सूचना : वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहा. आपण ०४/०५/२०२१ लिहितो तेव्हा आपल्याला चार मे अभिप्रेत असतो, पण अमेरिकी पद्धतीने वाचणाऱ्याला पाच एप्रिल दिसतो. २०२१-०५-०४ असे लिहिले की शंका उरत नाही. प्रत्यक्ष अर्जात हे अंक इंग्रजीतच (0 ते 9) भरायचे आहेत. देवनागरी अंक पुष्कळशा प्रणाली नाकारतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काही प्रणाली ते न सांगता रकाना रिकामा सोडतात.

विषयशब्द निवडताना मनात येईल ते लिहू नका. संगणकशास्त्रासाठी एसीएम या संस्थेची वर्गीकरण पद्धती आहे आणि तिची २०१२ची आवृत्ती सध्या वापरात आहे. झाडासारख्या त्या रचनेत आपला विषय शोधा आणि तेथील संज्ञा घ्या, मग हवे तर दोन-तीन स्वतःचे शब्द जोडा.

६. निबंधाची फाइल आणि संदर्भयादी

पीडीएफ फाइलच्या आतही शीर्षक आणि लेखक यांचे रकाने असतात. बहुतेकांना ते ठाऊक नसतात, त्यामुळे जगासमोर गेलेल्या फाइलच्या शीर्षकात जुन्या मसुद्याचे नाव किंवा मित्राच्या संगणकाचे नाव राहते. पीडीएफ उघडून ‘गुणधर्म’ पाहा आणि पाठवण्यापूर्वी ते दुरुस्त करा. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहीत असाल तर हायपररेफ या पॅकेजमधून शीर्षक आणि लेखक देता येतात.

संदर्भयादीसाठी संगणकशास्त्रात आजही बिबटेक हे लाटेकसोबत वापरायचे साधन चालते. ओरेन पताश्निक यांनी ते १९८५च्या सुमारास तयार केले. त्यात तीन चुका पुन्हापुन्हा दिसतात. लेखकांची नावे स्वल्पविरामाने जोडलेली असतात, वास्तविक दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी ‘अँड’ हा शब्दच लागतो, कारण स्वल्पविरामाचा अर्थ तेथे ‘आडनाव आधी लिहिले आहे’ असा होतो. शीर्षकातील विशेषनामांची मोठी अक्षरे छापताना लहान होतात. ती टिकवण्यासाठी त्या शब्दाभोवती महिरपी कंस द्यावे लागतात. आणि परिषदेतील निबंध ‘आर्टिकल’ या प्रकारात घातला जातो. त्यासाठी ‘इनप्रोसीडिंग्ज’ हा वेगळा प्रकार आहे, आणि तो चुकला की परिषदेचे नाव यादीतून गायब होते.

शोधयंत्रांतून मिळणाऱ्या तयार नोंदींवर विसंबू नका. शक्य असेल तेथे डीबीएलपीवरून किंवा डीओआयच्या आधारे नोंद घ्या आणि प्रत्यक्ष निबंधाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. तुमच्या संदर्भयादीतील चूक हा दुसऱ्या संशोधकाच्या नोंदीला लागलेला डाग असतो, हे मला पाच निबंधांची जमवाजमव करताना कळले. माझ्या एका निबंधाचे दोन उल्लेख केवळ वर्ष चुकल्यामुळे माझ्या खात्यावर आलेच नव्हते.

७. डीओआय तपासा, केवळ छापलेला पाहून विश्वास ठेवू नका

डीओआय हा प्रकाशनाचा कायमचा ओळखक्रमांक आहे. तो नेहमी ‘१०’ आणि त्यानंतर बिंदू असा सुरू होतो. क्रॉसरेफ २००० साली स्थापन झाली आणि ती प्रामुख्याने निबंधांना क्रमांक देण्याची व्यवस्था पाहते. डेटासाइट २००९ साली स्थापन झाली आणि तिचा भर डेटासेट, अहवाल, सॉफ्टवेअर यांच्यावर आहे.

काही नियतकालिके निबंधावर डीओआयसारखा दिसणारा क्रमांक छापतात, पण तो कुठेही नोंदलेलाच नसतो. पैसे भरण्यापूर्वी त्या नियतकालिकातील दोन-चार जुने निबंध घ्या, त्यांचे क्रमांक डीओआयच्या संकेतस्थळावर टाका आणि ते खरोखर त्या निबंधापर्यंत पोहोचतात का ते पाहा. क्रॉसरेफच्या शोधपानावरही पाहा. दुवा उघडत नसेल तर त्या नियतकालिकाकडे जाऊ नका. उलट बाजूने हेही ध्यानात ठेवा की डीओआय असणे म्हणजे दर्जाची हमी नव्हे. तो केवळ पत्ता आहे.

८. एकाच कामाच्या अनेक आवृत्त्या जोडून ठेवा

इतर शास्त्रांत नियतकालिकातील निबंधाला जे स्थान आहे ते संगणकशास्त्रात पुष्कळदा परिषदेतील निबंधाला असते. त्यामुळे एकच काम आधी अर्काइव्ह या खुल्या ऑनलाइन भांडारात प्रीप्रिंट (प्रकाशनापूर्वीची प्रत) म्हणून येते, मग परिषदेत सादर होते आणि पुढे विस्ताराने नियतकालिकात छापले जाते. अर्काइव्ह १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केले. २०२२पासून ते आपल्या निबंधांना डेटासाइटमार्फत डीओआयही देते. परिषदेचा प्रकाशक क्रॉसरेफकडून वेगळा डीओआय घेतो. म्हणजे एका कामाला दोन किंवा तीन ओळखक्रमांक होतात आणि उल्लेख त्यांच्यात वाटले जातात.

यावर उपाय सोपा आहे, पण तो लेखकालाच करावा लागतो. निबंध प्रकाशित झाला की अर्काइव्हच्या नोंदीत जाऊन प्रकाशित आवृत्तीचा संदर्भ आणि डीओआय भरा. त्यासाठी नवी फाइल चढवावी लागत नाही. तिन्ही आवृत्त्यांचे शीर्षक शक्यतो एकच ठेवा. परीक्षकांनी शीर्षक बदलायला लावले असेल तर अर्काइव्हवरही ते बदला. हेही आधीच समजून घ्या की अर्काइव्हवर एकदा जाहीर झालेला निबंध मागे घेतला तरी त्याच्या आधीच्या आवृत्त्या दिसत राहतात. सहलेखकांची संमती आणि त्यांच्या नावांची योग्य रूपे चढवण्यापूर्वीच लेखी घ्या.

९. प्रोग्राम आणि डेटासेट यांचीही नोंद करा

प्रयोगाचा प्रोग्राम केवळ गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवणे पुरेसे नाही, कारण खाते बंद झाले किंवा नाव बदलले की दुवा तुटतो. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ साली सुरू केलेल्या झेनोडो या भांडारात त्याची प्रत ठेवली की डीओआय मिळतो. तेथे प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक मिळतो आणि सर्व आवृत्त्यांना मिळून आणखी एक. निबंधातील निष्कर्ष ज्या आवृत्तीवर काढले तिचाच क्रमांक निबंधात द्या. सर्वसाधारण उल्लेखासाठी दुसरा वापरा.

डेटासाइटच्या मानकात सहा गोष्टी सक्तीच्या आहेत : ओळखक्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि प्रकार. या सहा भरून लोक थांबतात. मात्र खरा उपयोग सक्तीच्या नसलेल्या ‘संबंधित ओळखक्रमांक’ या रकान्याचा आहे. हा डेटासेट अमुक निबंधाला पूरक आहे, हे यंत्राला तेथूनच कळते. परवाना अवश्य लिहा. परवाना नसलेला प्रोग्राम खुला दिसत असला तरी तो कायद्याने वापरता येत नाही.

गिटहबवरील प्रोग्रामसोबत ‘साइटेशन’ नावाची सीएफएफ फाइल ठेवावी. २०२१पासून गिटहब ती वाचून उल्लेख कसा करावा ते आपोआप दाखवते. त्या फाइलमध्ये ओळींचे अंतर टॅबने न देता स्पेसने द्यावे लागते, नाहीतर ती वाचली जात नाही.

१०. मराठी मजकूर असेल तर

मराठी भाषेवर काम करणाऱ्यांनी शीर्षक देवनागरीत द्यावे आणि रोमन किंवा इंग्रजी रूप ‘पर्यायी शीर्षक’ म्हणून द्यावे. भाषेच्या रकान्यात मराठीचा दोन अक्षरी संकेत ‘एम आर’ असा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध कागदावर सुंदर दिसतो, परंतु यंत्राला त्यात निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि तो कोणत्याही शोधात सापडत नाही. टंकलेखकाला काम देतानाच युनिकोडची अट घाला.

युनिकोडमध्येही दोन बारीक अडचणी आहेत. ‘सुधारणाऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी साठवता येतो : ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असे दोन प्रकारे येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे एकरूपीकरणही त्यांना एक करत नाही. शीर्षक आणि विषयशब्द सर्वत्र एकाच कळफलकाने टाइप करा आणि त्यानंतर नकल करूनच चिकटवा.

११. प्रबंध शोधगंगेत देताना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात जातात. हे भांडार डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालते आणि त्याची नोंद डब्लिन कोअरवर आधारलेली आहे, म्हणून पाचव्या पायरीतील सर्व सूचना येथे जशाच्या तशा लागू होतात.

प्रकरणांच्या पीडीएफ फाइली वेगवेगळ्या लागतात आणि त्यांची नावे क्रमांकाने सुरू होतात : आधी शीर्षकपृष्ठ, मग पुढचे भाग, असे. संपूर्ण प्रबंधाची एकच फाइल घेऊन गेलात तर परत यावे लागेल. ग्रंथालयातील कर्मचारी तुमच्या नोंदीचे रकाने भरत असतील तर त्यांच्यावर सोडून देऊ नका. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषयशब्द, विभाग, नोंदणीचा आणि पूर्ण झाल्याचा दिनांक हे सर्व एका साध्या मजकूर फाइलमध्ये टाइप करून न्या, म्हणजे त्यांना नकल करून चिकटवता येईल. त्यांचे काम हलके होते आणि तुमच्या नावाचे वर्णलेखन सुरक्षित राहते. नोंद दिसू लागली की त्याच आठवड्यात ती उघडून अक्षर न् अक्षर वाचा.

१२. चूक सापडली तर दुरुस्ती कोणाकडे मागायची

दुरुस्ती नेहमी उगमापाशी करावी. सूच्या एकमेकांकडून माहिती घेतात. खालच्या सूचीत केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी उगमातील चुकीने पुन्हा पुसली जाते. डीओआयमागची नोंद लेखकाला बदलता येत नाही. ज्या प्रकाशकाने ती जमा केली तोच बदलू शकतो. क्रॉसरेफला पत्र लिहिले तरी ते प्रकाशकाकडेच पाठवणार. म्हणून आधी प्रकाशक, मग डीबीएलपी, आणि शेवटी गूगल स्कॉलरवरील आपले पान, असा क्रम ठेवा. डीबीएलपीला निबंधांची यादी आणि ऑर्किड क्रमांक देऊन ई-मेल केले तर ते दुरुस्ती करतात.

प्रकाशकाला लिहिताना लांबलचक कैफियत मांडू नका. डीओआय, सध्याची चुकीची नोंद जशीच्या तशी, तिच्याखाली हवी असलेली नोंद, निबंधाच्या पहिल्या पानाची पीडीएफ आणि ऑर्किडचा दुवा, एवढेच पाठवा. छापलेल्या निबंधातील नाव बरोबर असून केवळ मेटाडेटा चुकला असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण तशी दुरुस्ती सोपी असते. छापील नावच बदलायचे असेल तर संपादकांची संमती लागते आणि वेळ जातो.

माझ्या पाच निबंधांपैकी चारांच्या नोंदी अशा रीतीने एकत्र आल्या. पाचवा ज्या नियतकालिकात छापला होता ते आता बंद पडले आहे आणि त्याच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रे परत येतात. तो निबंध मी ऑर्किडमध्ये हाताने भरला आहे, त्याची पीडीएफ झेनोडोवर ठेवण्याइतके हक्क माझ्याकडे असल्याची खात्री करून ती तेथे चढवली आहे, आणि वर्णनात जुन्या नोंदीतील नाव कोणते व माझे नाव कोणते हे एका वाक्यात लिहून ठेवले आहे.